साठीच्या वसाहतीत तिशीची बाई: वयाचा नियम नेमका कोणाला?

'फक्त ज्येष्ठांसाठी' अशा वसाहतींच्या जाहिराती आता नागपूरकरांना नव्या नाहीत. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर थेट अमेरिकेत. धरमपेठेतलं किंवा प्रतापनगरातलं दुमजली घर दोघांना झेपत नाही. मग एखाद्या रविवारी शहराच्या कडेला फ्लॅट पाहायला जाणं होतं. लिफ्ट, भोजनगृह, तळमजल्यावर डॉक्टरची खोली, सगळं छान असतं. माहितीपत्रकावर ठळक छापलेलं असतं: वय ५५ पूर्ण, कुठे ६० पूर्ण. वाचून बरंच वाटतं. जिन्यात क्रिकेट नाही, रात्री बारापर्यंत डीजे नाही.

अडचण येते पुढे चार-पाच वर्षांनी. काकू बाथरूममध्ये पडतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. घरी आल्यावर उठवायला, बसवायला, रात्री बाथरूमला न्यायला माणूस लागतो. घरी मदतीला माणसं पुरवणारा ब्युरो बाई पाठवतो. बाई बत्तीस वर्षांची. फाटकावरचा माणूस रजिस्टर उघडतो आणि म्हणतो, "काकाजी, इथं साठच्या खालचं कोणी मुक्कामाला चालत नाही, अन् ही बाई तर तिशीची दिसून राहिली."

यावर काकाजी काय उत्तर देणार? 'माणुसकी आहे की नाही' हे उत्तर खरं आहे, पण कमिटीच्या बैठकीत ते टिकत नाही. टिकणारं उत्तर वेगळं आहे आणि फार अवघडही नाही. त्यासाठी वयाची अट मुळात कशासाठी असते ते पाहावं लागेल. या लेखात केअरटेकर म्हणजे ज्येष्ठाच्या घरात मुक्कामी राहून त्याची रोजची काळजी घेणारी व्यक्ती. पगारी असो वा नात्यातली, बाई असो वा पुरुष.

अट वयाची, पण हेतू कोणता?

सामान्य सोसायटीत कोण राहील हे वयावर ठरत नाही. ज्येष्ठांच्या वसाहतीत ठरतं, कारण तिथली बांधणी आणि खर्च एकाच गटासाठी आखलेला असतो. व्हीलचेअर जाईल एवढे दरवाजे, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणारी फरशी, चोवीस तास नर्स. हे सगळं मासिक शुल्कातून चालतं. तिथे तरुण कुटुंबं राहायला आली तर दोन वर्षांत सभेत ठराव येईल की नर्स कशाला, त्या पैशात जिम करा. वयाची अट हे टाळण्यासाठी असते. घर कोणासाठी आहे, हे ती सांगते.

त्या घरात रात्री कोण कोण झोपतं, हा वेगळा प्रश्न आहे. बहुतेक भांडणं हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे होतात.

अमेरिकेत हा वाद आधी होऊन गेला

तिकडे अशा वसाहती जुन्या आहेत आणि वाद कायद्यापर्यंत गेलेले आहेत, म्हणून तिकडचं थोडं पाहू. घर देताना भेदभाव करू नये असा कायदा अमेरिकेत १९६८ पासून आहे. १९८८ मध्ये त्यात दोन गोष्टींची भर पडली. १८ वर्षांखालची मुलं असलेल्या कुटुंबाला त्या कारणावरून घर नाकारायचं नाही, आणि अपंगत्वावरूनही नाकारायचं नाही. पण मुलांना नकार देता येत नसेल तर ज्येष्ठांची वसाहत चालायची कशी? म्हणून कायद्यानेच ज्येष्ठांच्या घरांना सूट दिली आणि १९९५ मध्ये तिचे नियम सोपे केले.

ही सूट मुख्यतः दोन प्रकारांनी मिळते. पहिल्यात राहणारे सगळेच ६२ किंवा त्याहून मोठे हवेत. दुसऱ्यात, म्हणजे ५५ च्या वसाहतीत, भरलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत निदान एक माणूस ५५ किंवा त्याहून मोठा हवा. घरात एक माणूस, प्रत्येक माणूस नव्हे. त्यामुळे नवरा ५८ आणि बायको ५१ असं घरही या गणतीत चालतं. उरलेले २० टक्के तरुणांना द्यायचेच असं मात्र कायदा म्हणत नाही. वसाहत स्वतःचा नियम त्याहून कडक ठेवू शकते.

केअरटेकरचं काय? अपंगत्व असलेल्या रहिवाशाला इतरांसारखं घर वापरता यावं म्हणून गरज असेल तर नियमात वाजवी सूट द्यावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. दिवसरात्र मदतीला तरुण माणूस ठेवू देणं ही अशीच एक सूट. अशी तरुण केअरटेकर घरात आहे म्हणून वसाहतीचं ८० टक्क्यांचं गणित बिघडत नाही, हे तिथल्या नियमांत वेगळं लिहून ठेवलं आहे. 'तुमच्या बाईमुळे आमचा ज्येष्ठ वसाहतीचा दर्जा जाईल' ही सबब त्यामुळे तिकडे चालत नाही.

सरकारी मदतीच्या घरांसाठी तिथे केअरटेकरची व्याख्याच आहे, तीन कसोट्यांची. तिची मदत रहिवाशाच्या काळजीसाठी आवश्यक असली पाहिजे. रहिवाशाला पोसण्याची जबाबदारी तिच्यावर नसली पाहिजे. आणि हे काम नसतं तर ती त्या घरात राहिलीच नसती, असं असलं पाहिजे. तिसरी कसोटी मला सगळ्यात हुशार वाटते. बरेच खोटे दावे तिथेच गळून पडतात.

रेल्वेतला सोबती

नागपूरकरांना हे रेल्वेच्या उदाहरणाने पटकन कळेल. ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण दिव्यांगांची सवलत आहे. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या दिव्यांग प्रवाशाबरोबर एका सोबत्यालाही तीच सवलत मिळते. सोबती धडधाकट असतो. त्याच्याकडे दिव्यांगत्वाचा दाखला नसतो आणि टीसी तो मागतही नाही. त्याची सवलत त्या प्रवाशामुळे आहे. उद्या तोच सोबती एकटा नागपूर-मुंबई निघाला तर त्याला पूर्ण भाडं भरावं लागेल.

वसाहतीतली केअरटेकर म्हणजे हा सोबती. तिला स्वतःच्या वयाचा दाखला द्यायचा नाही, कारण ती स्वतःच्या हक्काने तिथे राहतच नाही. काकूंच्या हक्कावर तिचा मुक्काम उभा आहे. तिची गरज काकूंच्या तब्येतीवरून सिद्ध होते, आणि काकूंचा मुक्काम संपला की तिचाही संपतो. मोकळेपणा आणि बंधन, दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. कमिटीसमोर मांडायचा मुद्दा एवढाच आहे.

आपल्याकडे कायदा थोडा, करार फार

भारतात वयावरून घर नाकारू नये असा अमेरिकेसारखा सर्वसाधारण कायदा नाही. राज्यघटनेतली भेदभावबंदी मुख्यतः सरकारला बांधते. सहकारी सोसायटीने आपलं सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात वैध ठरवलं. त्यामुळे '६० च्या खाली फ्लॅट विकणार नाही' ही अट आपल्याकडे सहसा करारावर आणि उपविधींवर उभी असते. अमेरिकेत वयाची अट ही कायद्यातली मोजून दिलेली सूट आहे. इथे तुम्ही सही केलेला कागद आहे. तिकडे कागदात काही नसलं तरी कायदा सोबत्याची जागा राखून ठेवतो. इथे ती जागा कागदातच मागून घ्यावी लागते.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने साठीची रेघ आखली आणि मुलांकडून निर्वाह मिळवण्यासाठी न्यायाधिकरणं दिली. २०१९ मध्ये केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. बिल्डर, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा यांच्यात त्रिपक्षीय करार असावा, अशी त्यांत सूचना आहे. २०२४ मध्ये महारेरानेही, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम आणले. त्यांचा भर लिफ्ट, रुंद दरवाजे, उतार, स्नानगृहातले आधार अशा बांधकामाच्या गोष्टींवर आहे. दरवाजा ९०० मिलिमीटरचा हवा हे त्यामुळे ठरलं. त्या दरवाजातून आत येणारी केअरटेकर कुठे आणि किती दिवस राहील, हे तुमच्या करारावर राहिलं.

एक आधार आणखी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीची कल्पना आहे: समोरच्यावर अवाजवी बोजा न पडता दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला आवश्यक बदल. त्या कायद्याच्या यादीत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आहे, नुसतं म्हातारपण नाही. घरांच्या वसाहतींसाठी अमेरिकेइतकी तपशीलवार तरतूद तिथे नाही, पण काकांना पार्किन्सन असेल आणि हातात दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर कमिटीशी बोलताना तुमची बाजू जड होते. प्रमाणपत्र काढून ठेवा. माणूस अंथरुणाला खिळल्यावर त्यासाठी धावपळ करणं किती अवघड असतं, ते केलेल्यांनाच माहीत.

"मग उद्या सगळेच नातवाला केअरटेकर म्हणतील!"

कमिटीची ही शंका खोटी नाही. नातवाला नागपूर विमानतळाजवळच्या मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी लागली, खोलीभाडं वाचवायला तो आजोबांकडे राहायला आला, आणि रजिस्टरमध्ये नोंद 'केअरटेकर'. इथे तिसरी कसोटी लावा. काळजीचं काम नसतं तर तो इथे राहिला असता का? सकाळी नऊला जाऊन रात्री नऊला येणारा नातू आजोबांना अंघोळ घालतो कधी?

पण नात्यातलं माणूस केअरटेकर असूच शकत नाही, हे दुसरं टोकही चूक आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यात कुटुंबातली व्यक्तीही अशी काळजी घ्यायला राहू शकते. अट एवढीच की मदत नावापुरती नसावी. रोजच्या आवश्यक कामांत किंवा उपचारांत तिचा भरीव हात असावा. नोकरी सोडून आईसाठी आलेल्या मुलीला 'तू साठची नाहीस' म्हणून फाटकावरून परत पाठवायचं आणि ब्युरोच्या अनोळखी बाईला आत घ्यायचं, हा कुठला न्याय?

वसाहतीने डॉक्टरांचं पत्र मागावं. रुग्णाला कोणत्या कामांत मदत लागते, रात्री लागते का, अंदाजे किती काळ, एवढं त्यात पुरे. रोगाची सगळी फाईल मागू नये. काकूंना लघवीवर ताबा राहत नाही ही गोष्ट कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायचं काहीच कारण नाही.

"बाई घर बळकावून बसेल"

ही भीती नागपुरात प्रत्येक बैठकीत निघते, आणि तिचं उत्तर बरंच स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सांगितलं की केअरटेकर, चौकीदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी त्यामुळे त्याचा त्या मालमत्तेत हक्क तयार होत नाही, आणि मालकाने मागितल्यावर ताबा परत द्यावा लागतो. मजा अशी की त्या प्रकरणातला केअरटेकर कोणी गावाकडून आलेली बाई नव्हती. मालकिणीचा सख्खा भाऊ होता.

बाई भाडेकरूही नाही. ती भाडं देत नाही, उलट पगार घेते. म्हणून काही सोसायट्या केअरटेकर ठेवल्यावर भाडेकरू ठेवल्यासारखे ना-वहिवाट शुल्क मागतात ते बरोबर नाही. सदस्य स्वतः राहत नसेल आणि घर दुसऱ्याला दिलं असेल तेव्हाचं ते शुल्क आहे, आणि महाराष्ट्रातल्या सहकारी गृहसंस्थांत त्यालाही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. केअरटेकर जेवणघरात जेवत असेल तर जेवणाचे पैसे घ्या, तो हिशेब सरळ आहे.

कागद मात्र असू द्या. बाईशी साधा करार: काम काय, पगार किती, मुक्काम कामापुरता, काम संपल्यावर किती दिवसांत खोली सोडायची. आधार कार्डाची प्रत, पोलीस ठाण्यात पडताळणी. सोन्याच्या बांगड्या लॉकरात. हे सगळं पहिल्याच दिवशी, हसतमुखाने, संशय न दाखवता.

काकू रुग्णालयात भरती झाल्या तर?

इथे थोडं थांबू, कारण कराराच्या नमुन्यांत हा प्रसंग सहसा नसतो आणि घरात तो हमखास येतो. काकूंना न्यूमोनिया झाला, वीस दिवस भरती. घर रिकामं. ज्या प्रवाशाची ही सोबत, तो प्रवासीच सध्या घरात नाही. बाईने खोली सोडायची?

कॅलिफोर्नियाने यावर आकडा दिला आहे. ज्येष्ठ रुग्णालयात किंवा उपचारासाठी बाहेर असेल आणि ९० दिवसांत परत येणार असेल, तर केअरटेकर राहू शकते. आणखी वेळ लागला तर लेखी विनंतीवर वसाहत ती मुदत आणखी ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. आपल्याकडे एवढी मुदत मिळणार नाही, पण ३० किंवा ४५ दिवस मागायला काय हरकत आहे? नाहीतर गोंदियाकडची, भंडाऱ्याकडची बाई गावी निघून जाते, ब्युरो तिला दुसरं घर देतो, आणि काकू घरी येतात तेव्हा त्यांना ओळखणारं, त्यांची औषधं पाठ असणारं माणूस गेलेलं असतं.

आणि काकू गेल्याच तर? मुक्काम संपला, हे कायद्याने आणि तर्कानेही खरं. पण त्याच संध्याकाळी बाईची पिशवी दारात ठेवणं हा निव्वळ असभ्यपणा आहे. दोन वर्षं तिने त्या माणसाचं सगळं केलेलं असतं. पंधरा दिवस द्या, राहिलेला पगार द्या, आणि हे आधीच लिहून ठेवा, म्हणजे दुःखात असलेल्या मुलांना घाईने विमानातून उतरून हा निर्णय घ्यावा लागणार नाही.

काका मागे राहिले आणि त्यांना मदत लागत नसेल तर? मग बाईचा आधार काका होऊ शकत नाहीत. त्यांना गरज असेल तर नवं पत्र, नवी परवानगी. आणि काका स्वतः ५२ चे असतील तर? हसू नका, दुसऱ्या लग्नांत असं अंतर असतं. ज्येष्ठ जोडीदार गेल्यावर कमी वयाच्या जोडीदाराला राहता येईल का, हे करारात स्पष्ट हवं. कॅलिफोर्नियात राहता येतं. इथे विचारून घ्या.

बाईचं मूल

सगळ्यात अवघड गाठ हीच आहे. तिशीच्या बाईला बहुधा मूल असतं. गावी सासूपाशी ठेवता आलं तर ठीक, नाही आलं तर चार वर्षांची मुलगी बरोबर. वसाहत नाही म्हणाली तर वसाहतीला दोष देता येणार नाही, कारण लहान मुलं नसणं हेच तर इथल्या लोकांनी निवडलेलं आहे. सोबत्याला तिकीट मिळतं, सोबत्याच्या कुटुंबाला नाही. दिवाळीत आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवस मुलीला येऊ द्यावं, एवढी लवचिकता मात्र वसाहतीला परवडते. आपली नातवंडं सुटीत येतातच की! कॅलिफोर्नियात कमी वयाच्या पाहुण्यांना वर्षाला किमान ६० दिवस राहू द्यावं लागतं. पाहुण्यांसाठी अशी मुदत असेल तर ती बाईच्या मुलीलाही लावावी, असं माझं मत आहे.

उलट बाजूची वयाची रेघही लक्षात ठेवा. ब्युरो कधी कधी सोळा-सतरा वर्षांची मुलगी पाठवतात. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हाच आहे. पण रुग्णाची रात्रपाळी सतरा वर्षांच्या पोरीवर टाकणंही बरोबर नाही. १८ पूर्ण असल्याचा पुरावा मागा.

बाई झोपते कुठे?

एक खोली आणि हॉल असा फ्लॅट. काकू पलंगावर, काका दुसऱ्या पलंगावर, बाई हॉलमध्ये चटईवर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा एसी आतल्या खोलीत आणि बाई कूलर नसलेल्या हॉलमध्ये. तीन वेळा उठून काकूंना बाथरूमला नेते. सकाळी तिच्याकडून काय कामाची अपेक्षा करणार? फ्लॅट पाहायला जाल तेव्हा दाराचा रुंदपणा मोजता तसा बाईचा पलंग कुठे बसेल तेही मोजा. काही वसाहती केअरटेकर बायकांसाठी वेगळी खोली ठेवतात. दिवसाच्या मदतीसाठी ते छान, पण रात्रीची मदत लागणाऱ्याला निरुपयोगी.

आठवड्याची सुटी, त्या दिवशी बदली कोण, तिला लिफ्ट आणि बाग वापरता येईल का, हेही ठरवून घ्या. काम घराच्या आत चालत असलं तरी ते तिचं कामाचं ठिकाण आहे. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार बायकांनाही लागू आहे, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. वसाहतीच्या फलकावर अग्निशमनच्या आणि ज्येष्ठांच्या १४५६७ हेल्पलाइनच्या नंबरांशेजारी या समितीचा पत्ताही लावता येतो.

सहीच्या आधी

एक कलम विशेष नीट वाचा. बऱ्याच वसाहती 'स्वतंत्र राहणाऱ्या' ज्येष्ठांसाठी असतात. दिवसरात्र मदत लागू लागली की रहिवाशाने त्यांच्याच सेवायुक्त विभागात जावं किंवा घर सोडावं, अशी अट करारात असू शकते. त्या विभागाचा महिन्याचा दर वेगळा आणि बहुधा बराच जास्त. अशा ठिकाणी बाईच्या वयाचा वाद येतच नाही, कारण काकूंचाच मुक्काम संपतो. 'माझ्या खर्चाने केअरटेकर ठेवून मी याच घरात राहू शकतो का, आणि किती काळ' हा प्रश्न लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. विक्रेता म्हणेल, "अहो काकू, होऊन जाते ना सगळं, टेन्शन नका घेऊ." त्याला म्हणा, बरं, मग दोन ओळी लिहून दे. फ्लॅट मालकीचा असेल तर आणखी एक विचारा: तुमच्यानंतर तो पंचेचाळिशीच्या मुलाच्या नावावर होईल, पण त्याला त्यात राहता येईल का, की फक्त साठीच्या माणसाला विकता किंवा भाड्याने देता येईल? बऱ्याच घरांत मुलाला हे मृत्युपत्र उघडल्यावर कळतं.